सगळे, एखादा आणि रिकामी यादी

(गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. फळ्यावर लिहिलेल्या पायथनच्या ओळी इथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.)



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, की यादीतल्या गोष्टी अटीत बसतात की नाही हे पायथनमध्ये कसं तपासायचं, हा तर संगणकाच्या तासाला शिकवायचा विषय. इतिहासाच्या व्याख्यानमालेत तो कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही धानाच्या कट्ट्यापासून सुरू करतो. गोंदियात दुसरीकडून सुरुवात करणं बरं दिसणार नाही.

दिवाळीनंतर आधारभूत धान खरेदी केंद्रावर काय चालतं, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. शेतकरी कट्टे घेऊन येतो. नमुना काढला जातो, मॉइश्चर मीटर लावला जातो. ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. माती-खडे १ टक्क्यापर्यंत, काडीकचरा १ टक्क्यापर्यंत, अपक्व आणि आकसलेले दाणे ३ टक्क्यांपर्यंत. अशी ती एफएक्यूची यादी. यातल्या सगळ्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. कचरा अजिबात नाही, दाणा टपोरा आहे, पण ओलावा १९ आला, तर धान परत. तीन अटी उत्तम पाळल्या म्हणून चौथीत सूट मिळत नाही.

आता दुसरा प्रसंग घ्या. धान पडून आहे आणि रात्री अवकाळी पाऊस येऊन गेला. सकाळी घरचा म्हातारा माणूस विचारतो, "एखादा कट्टा तरी भिजला का रे?" इथे त्याला सगळ्यांचा हिशेब नको आहे. एक जरी ओला सापडला तरी ढीग उलटवून पाहायचा, एवढंच त्याला ठरवायचं आहे.

यादीला विचारायचे मूळ प्रश्न हे दोनच. सगळे अटीत बसतात का? आणि एखादा तरी बसतो का? पायथनमध्ये या दोन प्रश्नांसाठी दोन शब्द आहेत, 'ऑल' आणि 'एनी'. ओळ अशी लिहितात:

ऑल(ओलावा <= १७ फॉर ओलावा इन कट्टे)

म्हणजे 'कट्टे' या यादीतला एकेक ओलावा घे, तो १७ किंवा त्याहून कमी आहे का बघ, आणि सगळ्यांचं उत्तर हो असेल तरच 'ट्रू' सांग. 'ऑल'च्या जागी 'एनी' लिहिलं आणि चिन्ह उलटं करून '१७ पेक्षा जास्त' केलं, की म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न तयार. शिकायला पाच मिनिटं लागतात. पण या पाच मिनिटांमागे दोन हजार वर्षांहून जुना वाद आहे, आणि त्या वादाचा एक तुकडा आजही आपल्या जिल्ह्यातल्या याद्यांमध्ये अडकून बसलेला आहे. तो तुकडा म्हणजे रिकामी यादी. यादीत काहीच नसेल, तर 'सगळे अटीत बसतात का' याचं उत्तर काय द्यायचं?

क्रमाने जाऊ.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने विधानांचे चार साचे ठरवून दिले. सगळे अमुक हे तमुक आहेत. एकही अमुक तमुक नाही. काही अमुक तमुक आहेत. काही अमुक तमुक नाहीत. त्याच्या पद्धतीत 'सगळे' म्हटलं की त्यातून 'काही' आपोआप निघायचं. सगळी माणसं मर्त्य, म्हणून काही माणसं मर्त्य. आपल्यालाही हे सरळ वाटतं. 'सगळे पाहुणे जेवले' असं म्हटलं की पाहुणे आले होते, हे आपण गृहीतच धरतो. पाहुणे आलेच नव्हते असं नंतर कळलं, तर आपण म्हणू की हा माणूस चेष्टा करतो आहे. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या 'सगळे'मध्ये 'आहेत' हे दडलेलं होतं. रिकाम्या यादीचा विचार तिथे नव्हता.

आपल्याकडे हाच विचार न्यायशास्त्राने वेगळ्या वाटेने केला. तिथे शब्द आहे व्याप्ती. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त, ज्या लहानशा पुस्तकावर आजही संस्कृत पाठशाळांत न्यायाचा श्रीगणेशा होतो, या व्याप्तीला दोन दाखले दिलेले आहेत. सरळ दाखला स्वयंपाकघराचा: धूर आहे, अग्नी आहे. उलटा दाखला मोठ्या तलावाचा: अग्नी नाही, म्हणून धूरही नाही. आमच्या तलावांच्या जिल्ह्यात हा दाखला सांगताना एक सावधगिरी घ्यावी लागते. थंडीत पहाटे नवेगावबांधच्या पाण्यावरून वाफ उठते ती लांबून धुरासारखीच दिसते. नैयायिकांना हेही ठाऊक होतं. वाफेला धूर समजून काढलेलं अनुमान फसतं, हे त्यांनी मांडून ठेवलं आहे. म्हणजे अट बरोबर असून भागत नाही, यादीत काय धरलं तेही बरोबर हवं.

त्यांनी अजून एक गोष्ट पक्की केली. हीच व्याप्ती उलटी करून 'जिथे जिथे अग्नी, तिथे तिथे धूर' असं म्हटलं, तर ते टिकत नाही. का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. हजार चुली दाखवा, एक गोळा पुरतो. याला ते व्यभिचार म्हणतात. पायथनचं 'ऑल' अगदी असंच वागतं. यादीत दहा हजार कट्टे असोत, तिसरा कट्टा ओला निघाला की ते तिथेच थांबतं आणि 'फॉल्स' सांगून मोकळं होतं. उरलेल्यांकडे बघत नाही, कारण बघून उत्तर बदलणार नसतं. 'एनी' याच्या उलट, पहिला होकार मिळाला की थांबतं.

या दोघांचं नातं ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो ऑगस्टस डी मॉर्गन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला हा गणिताचा प्राध्यापक जन्मला मात्र आपल्याकडे, १८०६ साली, मदुराईत. त्याचा नियम बोलीत सांगायचा तर असा: 'सगळे कोरडे आहेत' आणि 'एकही ओला नाही' ही दोन वाक्यं एकच आहेत. 'सगळे कोरडे आहेत हे खरं नाही' याचा अर्थ 'सगळे ओले आहेत' असा होत नाही, 'निदान एक ओला आहे' एवढाच होतो. हे ऐकताना फार सोपं वाटतं. पण भांडण लागलं की माणूस नेमकं इथे घसरतो. "तुमचे सगळे कागद बरोबर नाहीत" हे वाक्य कार्यालयात ऐकून दोन माणसं दोन अर्थ घेऊन घरी जातात. एकाला वाटतं, एक कागद दुरुस्त केला की झालं. दुसऱ्याला वाटतं, सगळं गेलं.

डी मॉर्गनच्याच काळात जॉर्ज बूलने १८४७ आणि १८५४ साली दोन पुस्तकं लिहून तर्काचं बीजगणित केलं. हो म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. आणि यात पहिल्यांदा रिकाम्या गटाला सन्मानाने जागा मिळाली. बीजगणितात शून्य आहे, तसा तर्कात काहीच नसलेला गट आहे. १८७९ साली जर्मनीत येना इथे गोटलोब फ्रेगेने एका छोट्या पुस्तकात 'सगळे'साठी स्वतंत्र चिन्ह काढलं आणि वाक्याचा अर्थच बदलला. 'सगळे कट्टे कोरडे' म्हणजे 'कोणतीही वस्तू घ्या, ती कट्टा असेल तर ती कोरडी आहे'. या 'असेल तर'मुळे ॲरिस्टॉटलचं लपलेलं 'आहेत' निघून गेलं. कट्टे नसतीलच, तर वाक्य मोडायला कोणी नाही. मोडत नाही म्हणून ते खरं.

अमेरिकेत चार्ल्स पर्स याने १८८० च्या दशकात हेच बेरीज-गुणाकारात बसवलं, आणि आमच्या मते समजायला ते सर्वांत सोपं आहे. हो एक, नाही शून्य. मग 'सगळे' म्हणजे गुणाकार, कारण एक जरी शून्य आलं तरी पूर्ण गुणाकार शून्य. आणि 'एखादा तरी' म्हणजे बेरीज, कारण एक जरी एक आला की बेरीज शून्य राहत नाही. आता विचारा, काहीच मिळवलं नाही तर बेरीज किती? शून्य. आणि कशानेही गुणलं नाही तर गुणाकार किती धरायचा? एक. गुणाकार सुरू होतो तो एकापासून, शून्यापासून सुरू केला तर पुढे काहीही गुणा, शून्यच राहील. म्हणून रिकाम्या यादीला 'एखादा तरी' विचारलं तर उत्तर नाही, आणि 'सगळे' विचारलं तर उत्तर हो. हे कोणाची लहर म्हणून आलेलं नाही, हिशेब जुळावा म्हणून आलेलं आहे. दोन ढीग वेगवेगळे तपासले आणि मग एकत्र केले तर उत्तर तेच यायला हवं. एक ढीग रिकामा असला तरीसुद्धा.

इथे जरा थांबून आपल्या माणसाकडे येऊ. 'सगळे' तपासणं म्हणजे किती कष्ट, हे ज्याने हाताने करून पाहिलं तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच केलं की पुन्हा ६१७४. आणि ज्या संख्येचे चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती इथेच येऊन थांबते.

'कोणतीही' या एका शब्दात किती संख्या आल्या बघा. पुढे शून्य असलेल्या धरल्या तर ०००० ते ९९९९ मिळून दहा हजार, त्यातून चारही अंक सारखे असलेल्या दहा वजा, राहिल्या ९९९०. आज पायथनमध्ये 'ऑल' लिहून हे तपासायला डोळ्याची पापणी लवायचा अवकाश. पण तपासताना विद्यार्थी हमखास एक चूक करतात. २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. ही संख्या तीन अंकी झाली. तशीच पुढे नेली तर ९९९ वजा ९९९, शून्य, आणि 'ऑल' सांगतं 'फॉल्स'. कापरेकर चुकले? नाही. ते ०९९९ धरायचं असतं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. अट तीच, यंत्र तेच. यादीतली वस्तू मांडताना एक शून्य गळलं, एवढंच. नैयायिकांच्या वाफेची गोष्ट इथे पुन्हा आली.

आता यंत्रांकडे. केनेथ आयव्हर्सनने १९६२ साली एका पुस्तकात जी लेखनपद्धती मांडली तिच्यातून एपीएल ही भाषा निघाली. तिच्यात 'आणि'च्या चिन्हापुढे तिरपी रेघ दिली की पूर्ण यादीवर 'आणि' फिरायचं. पर्सचा गुणाकारच तो. पुढे ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत एबीसी नावाची शिकाऊ लोकांसाठीची भाषा तयार झाली. तिच्यात 'सम', 'ईच' आणि 'नो' असे तीन शब्द होते. यादीतल्या काहींत, प्रत्येकात, एकाही नाही, असं जवळजवळ बोलल्यासारखं लिहिता यायचं. ॲरिस्टॉटलचे साचेच म्हणा ना. त्या भाषेवर काम करणाऱ्यांत एक तरुण होता, खीदो फान रॉसुम. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्याने स्वतःची भाषा लिहायला घेतली आणि १९९१ साली पायथन जगापुढे आलं.

गंमत अशी की एबीसीतली ही सोय पायथनमध्ये पहिली पंधरा वर्षं नव्हती. यादी तपासायची तर फेरा लिहायचा. आधी एक निशाणी 'हो' म्हणून ठेवायची, एकेक वस्तू बघत जायचं, कोणी चुकला की निशाणी 'नाही' करायची आणि बाहेर पडायचं. काही जण फेऱ्याला 'एल्स' जोडून करायचे, काही जण 'रिड्यूस' नावाच्या फंक्शनने. २००५ च्या मार्चमध्ये फान रॉसुमने एक लेख लिहिला. त्यात त्याचं म्हणणं होतं की 'रिड्यूस'ने लिहिलेलं वाचताना कागद-पेन्सिल घ्यावी लागते. बेरजेला 'सम' आहेच, मग 'एनी' आणि 'ऑल' दिले की 'रिड्यूस'ची गरज फारशी उरत नाही. १९ सप्टेंबर २००६ ला पायथनची २.५ आवृत्ती आली आणि तिच्यात हे दोन शब्द दाखल झाले. २००८ च्या पायथन ३ मध्ये 'रिड्यूस'ला मुख्य घरातून हलवून एका मॉड्यूलमध्ये ठेवलं. त्याच पायथन ३ पासून नावं देवनागरीत ठेवता येतात. 'ओलावा', 'कट्टे' ही नावं आज पायथन विनातक्रार घेतं.

म्हणजे आपल्या हातातलं 'ऑल' हे बूल, फ्रेगे, पर्स यांच्या घराण्यातलं आहे. ॲरिस्टॉटलच्या घराण्यातलं नाही. रिकामी यादी दिली की ते 'ट्रू' सांगतं. आणि आपण बोलतो ती मराठी मात्र ॲरिस्टॉटलच्या बाजूची आहे. आपली गफलत या सांध्यावर होते.

सारसाचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात दिसतो. माणसाएवढा उंच पक्षी, जोडीने राहणारा, धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या काठच्या पाणथळात घरटं करणारा. दरवर्षी त्याची गणना होते. समजा, आपण प्रत्येक तलावासाठी आणि बोडीसाठी तिथल्या घरट्यांची यादी केली, आणि संगणकाला विचारलं, या तलावावरची सगळी घरटी सुरक्षित आहेत का? चार घरटी, त्यातलं एक कुत्र्यांनी विस्कटलं, तर उत्तर 'फॉल्स'. अहवालात लाल खूण. बरोबर आहे. पुढच्या वर्षी तिथे दोनच घरटी, दोन्ही ठीक. हिरवी खूण. त्याच्या पुढच्या वर्षी तलावाच्या काठाने अतिक्रमण झालं आणि सारस आलेच नाहीत. यादी रिकामी. सगळी घरटी सुरक्षित आहेत का? 'ट्रू'. पुन्हा हिरवी खूण.

बघा काय झालं ते. पक्षी जितके कमी, तितका अहवाल चांगला, आणि पक्षी संपले की अहवाल निर्दोष. कोणी खोटं बोललं नाही. प्रोग्राममध्ये चूक नाही, फ्रेगेच्या तर्कात चूक नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं विचारायचं राहून गेलं. म्हणून नियम असा धरावा: 'ऑल'च्या आधी यादी रिकामी नाही ना, हे वेगळं विचारायचं. पायथनमध्ये तेही सोपं आहे. 'घरटी अँड ऑल(...)' असं लिहिलं की काम होतं, कारण रिकामी यादी स्वतःच 'नाही' धरली जाते. ॲरिस्टॉटलच्या 'सगळे'मध्ये जे दडलेलं होतं ते आपल्याला हाताने लिहावं लागतं.

अजून दोन खड्डे आहेत, ते पटकन सांगतो. 'ऑल'ला अट न देता नुसती यादी दिली, तर ते प्रत्येक वस्तू 'काहीतरी' आहे का एवढंच बघतं. तलावांवरच्या सारसांचे आकडे ४, ०, २ असे दिले तर शून्यामुळे उत्तर 'फॉल्स'. आणि उत्तरांची यादी 'हो', 'नाही', 'नाही' अशी मराठी शब्दांत भरून दिली तर उत्तर 'ट्रू'! का? 'नाही' हा शब्द रिकामा नाही, त्यात अक्षरं आहेत, म्हणून पायथनला तो होकारच वाटतो. तक्त्यात माहिती भरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं. नकारांनी भरलेली पूर्ण यादी 'सगळे हो' म्हणून पुढे जाऊ शकते.

आता शेवटचा भाग, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. 'ऑल' आणि 'एनी' पायथनमध्ये आले त्याच २००६ साली, डिसेंबरमध्ये, संसदेने वनहक्क कायदा केला. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत हा कायदा काय आहे, ते सांगायची गरज नाही. या कायद्याकडे यादी म्हणून बघा. अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासी माणसासाठी अटी अशा: १३ डिसेंबर २००५ च्या आधी निदान तीन पिढ्या वनात किंवा वनजमिनीवर मुख्यतः वास्तव्य, उपजीविकेसाठी तिच्यावर अवलंबून असणं, आणि जमीन त्या तारखेआधी प्रत्यक्ष ताब्यात असणं. पिढी म्हणजे २५ वर्षं, म्हणून तीन पिढ्या म्हणजे ७५. या अटी सगळ्या हव्यात. हे 'ऑल' आहे.

पण पुराव्याचं काय? २००८ साली नियम आले. त्यांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांची मोठी यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती. त्यासोबत घर, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी, घातलेले बांध. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन. ही यादी 'ऑल' आहे का? म्हणजे सगळं आणायचं? नाही. मग 'एनी' आहे का, एक आणलं की झालं? तसंही नाही. नियम म्हणतो, यातले एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत. आणि २०१२ च्या दुरुस्तीने उपविभागीय आणि जिल्हा समित्यांना स्पष्ट सांगितलं, की अमुकच कागद पाहिजे असा आग्रह धरू नये.

हे तिसरं रूप आहे, 'सगळे' आणि 'एखादा' यांच्या मधलं: निदान इतके. पायथनमध्ये त्यासाठी 'ऑल' चालत नाही आणि 'एनी'ही चालत नाही. 'सम' वापरायचं. प्रत्येक होकार म्हणजे एक, त्यांची बेरीज दोन किंवा अधिक आहे का बघायचं. पर्सच्या बेरजेचा हा सरळ वारसा.

आता कल्पना करा, एखाद्या टेबलावर याच पुराव्यांचा तक्ता छापलेला आहे आणि प्रत्येक ओळीसमोर चौकोन आहे. चौकोन दिसले की माणूस ते सगळे भरू पाहतो. एक रिकामा राहिला की अर्ज 'अपूर्ण'. कायद्याने 'निदान इतके' म्हटलं होतं, तक्त्याने त्याचं 'सगळे' केलं. ज्या म्हातारीकडे पणजोबाने घातलेला बांध आहे, आजूबाजूच्या तीन म्हाताऱ्यांची निवेदनं आहेत, पण गॅझेटियरचं पान नाही, ती 'फॉल्स' ठरली. तिला पायथन येत नाही. तिचा अर्ज संगणकावर चढवणाऱ्या तिच्या नातवाला मात्र ते यायला हवं, निदान यातला प्रश्न कळायला हवा. कोणी सांगितलं की "तुमचे सगळे पुरावे नाहीत", तर त्याने शांतपणे विचारावं: "साहेब, सगळे लागतात असं नियमात आहे का? आमचे एकाहून अधिक आहेत, ते बघा."

म्हणून आम्ही हा विषय इतिहासात घेतला. यादी आणि अट यांचं नातं दर काळात कोणीतरी ठरवलेलं असतं. ॲरिस्टॉटलने एक ठरवलं, फ्रेगेने दुसरं ठरवलं, संसदेने तिसरं. संगणक त्यातलं एक निमूटपणे पाळतो. आपल्यापुढच्या यादीला यातला कोणता प्रश्न लागू आहे, हे त्याला सांगणारा माणूस आपल्यातलाच असतो.

घरी जाऊन एक करून बघा. ग्रामपंचायतीची, बचत गटाची, शाळेची, कोणतीही एक यादी घ्या आणि तिला तीन प्रश्न विचारा. इथे 'सगळे' हवे आहेत, 'एखादा' पुरतो, की 'निदान इतके'? यादीत जे धरलं आहे ते खरंच तेच आहे, की तलावावरची वाफ? आणि यादी रिकामी असती, तर काय उत्तर आलं असतं?